खांबाशी मांडलेला डाव

आमचे निफाड हे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांचे जन्मस्थान होय. ते येथे १८ जानेवारी १८४२ रोजी जन्मले; पुढे वडिलांच्या नोकरीमुळे त्यांचे बालपण कोल्हापुरास गेले. त्यांच्या लहानपणची एक गोष्ट पुष्कळदा सांगण्यात येते. सोंगट्या खेळावयास गडी मिळेना, तेव्हा ह्या मुलाने घरातील खांबाशीच डाव मांडिला. एका हाताने आपले दान टाकावे, दुसऱ्या हाताने खांबाचे. खांब जिंकला, आणि मुलाने आपली हार निमूटपणे कबूल केली.

ही गोष्ट सचोटीचा कित्ता म्हणून शिकवितात, व ते योग्यच आहे. परंतु आज आपण पटाच्या दुसऱ्या बाजूकडे पाहू. तेथे खांब का होता? गोविंदरावांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्या काळी वडीलधाऱ्यांदेखत आपले मूल उचलून घेण्याचाही अनेक बापांस संकोच वाटे. प्रश्न आपल्या घरांचा आहे.

द्राक्षांच्या हंगामात बाप पहाटे बागेत जातो, तो दिवेलागणीस परततो. लासलगावी कांद्याचा भाव पडला, तर कपाळाला आठ्या घालूनच घरात शिरतो. भावाचे गणित लेकरास काय ठाऊक? बाबा आपणांवरच रागावले, असे समजून ते आईच्या पदराआड होते. असे मूल पुढे शाळेत कोणी छळिले तरी बापास सांगत नाही. पौलाने कलस्सैकरांस लिहिताना (३:२१) बापांस जी ताकीद दिली, ती अशाच खचलेल्या लेकरांविषयी आहे.

ह्यास उपाय खर्चाचा नाही. रोज अर्धी घटका पुरे. विटीदांडू, भोवरा, लगोरी आपण विसरलो नाही. मात्र राज्य कोणावर, हे मुलाने ठरवावे. पुष्कळ बाप खेळावयास येतात आणि लगेच पाढे विचारू लागतात! ती परीक्षा झाली, खेळ नव्हे. मुलींसही वगळू नये. सागरगोटे हाती घेतल्याने कोणाची मिशी गळून पडत नाही. कुस्ती, झोंबाझोंबी ह्यांत मूल आपला जोर आवरण्यास शिकते. पण ते ‘पुरे’ म्हणताच बापाने थांबावे. मोठ्या माणसाच्या जोरासही मर्यादा असते, हे त्यास तेथेच कळते.

शेजारच्या येवल्यास भोगी, संक्रांत व कर असे तीन दिवस घरेच्या घरे गच्चीवर पतंग उडवितात. बहुधा दोरा बापाच्या हाती व आसारी मुलाच्या हाती असते. वारा चांगला लागला, म्हणजे दोरा मुलास द्यावा. पतंग कटला तर कटो. दोरा मात्र सुती असावा. नायलॉनचा मांजा पक्ष्यांचे पंख व माणसांचे गळे कापतो, म्हणून त्यास बंदी आहे.