बाळंतविडा : घरच्या कापडाचा, घरच्या हातांचा

घरात पाळणा हलणार अशी चाहूल लागली की थोरामोठ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, "तिला काय खावेसे वाटते?" हा प्रश्न प्रेमाचा आहे व तो विचारलाच पाहिजे. परंतु त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारला जावा असे आम्हांस वाटते : "तिच्या हातांना काय करावेसे वाटते?" नऊ महिने हा मोठा काळ आहे. त्या काळात दुपारची दोन तास निवांत बसून सुईदोऱ्याचे हलके काम केले तर मन रमते, पैसा वाचतो आणि बाळासाठी लागणारे कपडे वेळेवर तयार होतात. संस्थेच्या या महोत्सवी स्मरणिकेत काही उपयोगी पडेल असे लिहावे, अशी चालकांची सूचना होती. शाळेत मुलींना शिवण शिकवताना व सुट्टीत गल्लीतील लेकीसुनांबरोबर बसताना जे हाती आले तेच येथे मांडीत आहोत.

आधी शिवावे की नाही?

आमच्या बेळगावात एकाच गल्लीत तीन भाषा नांदतात. सातव्या महिन्यात शेजारच्या मराठी घरी डोहाळजेवण होते, समोरच्या कन्नड घरी कुबसा होतो, आणि आमच्या घरी सतवासा होतो. नावे तीन, पण ओटी सगळीकडे भरली जाते. तशीच एक समजूतही तिन्ही घरी आढळते : मूल जन्मण्यापूर्वी त्याचे कपडे शिवू नयेत, नजर लागते.

ज्या काळात पुष्कळ मुले जन्मतःच दगावत, त्या काळात आयांनी मनाला घातलेला हा लगाम असावा. त्यामागील दुःखाचा आम्ही मान राखतो. परंतु मूल जन्मते ते ओलेचिंब असते, आणि ओले मूल फार लवकर गारठते. त्याला ताबडतोब कोरडे पुसून, आईच्या छातीशी धरून, वरून दुसऱ्या कोरड्या कापडाने झाकावे लागते. म्हणजे पहिल्या पाच मिनिटांतच दोन स्वच्छ, मऊ फडकी हवीत. ती ऐनवेळी कपाट धुंडाळून काढावयाची, की आधी उकळून, उन्हात वाळवून ठेवावयाची?

यावर आमच्या नानीने एक तोड काढली होती. ती म्हणे, "अंगडे-टोपडे नंतर शिवा, पण दुपट्याला कुणाचे नाव नसते." ज्या घरी समजूत पक्की आहे तेथे वाद न घालता दुपटी, लंगोट आणि गोधडी एवढेच आधी करावे. अंगडी बारशाला किंवा अकीक्याला होतील.

कापड कोणते घ्यावे?

तान्ह्या बाळाला पहिल्याने जुने वस्त्र घालावे अशी आपल्याकडे रीत आहे, आणि ती शहाणपणाची आहे. पुष्कळ वेळा धुतलेल्या सुती कापडातील खळ निघून गेलेली असते, रंग सुटावयाचा तो सुटलेला असतो, आणि सूत मऊ पडून पाणी चांगले टिपते. आजीचे सुती लुगडे, आजोबांचे धोतर, मलमलीची ओढणी ही उत्तम. नायलॉन व पॉलिएस्टर घेऊ नये. ते घाम टिपीत नाही.

कापड आधी धुवावे, पाण्यात चांगले उकळावे, कडक उन्हात वाळवावे आणि मगच कात्री लावावी. शिवून झाल्यावर पुन्हा धुवून, इस्त्री करून स्वच्छ गाठोड्यात बांधावे. गाठोड्यात डांबराच्या गोळ्या मात्र मुळीच ठेवू नयेत. त्यांचा वास लागलेल्या कपड्यांमुळे काही नवजात बालकांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात व जबर कावीळ होते.

दुपटी आणि लंगोट

येथे थोडे गणित करू. नऊवारी लुगडे नऊ वार लांब. एक वार म्हणजे ३६ इंच. तेव्हा एका लुगड्यातून ३६ इंचांचे नऊ चौकोन निघतात. विरलेला भाग असल्यास एखादा कमी धरावा. दोन चौकोन एकावर एक ठेवून कडा आत दुमडाव्या व धावदोरा घालावा, की झाले एक दुपटे. अशी चार दुपटी होऊन एक चौकोन उरतो. त्यातून २४ इंचांचा एक लंगोट काढावा. तो तिरका दुमडला की त्रिकोण होतो. रुंदीत जी पट्टी उरते तिची तोंड पुसण्याची फडकी करावी. काठ जरीचा किंवा जाड असल्यास काढून टाकावा. बाळाच्या गालाला तो बोचतो. दोन लुगड्यांत आठ दुपटी आणि एका धोतरात पुष्कळसे लंगोट, एवढ्यावर पहिले दोन महिने निभतात.

गोधडी

आमच्या जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात आणि लगतच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर या भागांत सिद्दी समाजाची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून आलेले. पुष्कळांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते. या समाजात हिंदू आहेत, मुसलमान आहेत व ख्रिस्तीही आहेत; परंतु गोधडी तिघांची एक. तिला कवंदी म्हणतात. ती शिवण्याची त्यांची पद्धत बाळाच्या गोधडीला फार सोयीची आहे, म्हणून ती सांगतो.

खाली ३० इंच रुंद व ३६ इंच लांब असे एक अखंड कापड अंथरावे. काम मधून न आरंभता एका कोपऱ्यापासून आरंभावे. कडेला तुकडा ठेवावा, त्याची कड दुमडावी, आणि धावदोरा घालीत कडेकडेने चारी बाजू फिरावे. एक फेरा पुरा झाला की बोटभर आत दुसरा. पुढचा तुकडा मागच्यावर थोडा चढवावा. बाळासाठी आत जुन्या कापडाचा एकच थर पुरे. असे फिरत फिरत मध्यावर आले की गोधडी संपते. आधी आखणी नको, चौकट नको, मोठी जागा नको; मांडीवर घेऊन वाटेल तेव्हा उचलावी, वाटेल तेव्हा ठेवावी. गर्भारणीला यापेक्षा सोयीचे काम कोणते?

चारी कोपऱ्यांना त्या स्त्रिया घड्या घातलेले लहान त्रिकोणी तुकडे लावतात व त्यांस फूल म्हणतात. फुलाविना गोधडी उघडी, असे त्या मानतात. आपणही लावावे, पण घट्ट शिवावे.

नक्षी घालण्याची हौस असेल तर कसूती घालावी. धारवाड भागातील या भरतकामात गवंती व मुर्गी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात आणि दोऱ्याला गाठ मारीत नाहीत. बाळाच्या कातडीला आतून गाठ टोचत नाही, हा त्याचा मोठा गुण.

कुंची

खणाची कुंची ही मराठी बाळाची शान. खण गुळेदगुड्डचा घ्यावा, मात्र आतून मलमलीचे अस्तर अवश्य लावावे. १६ इंच रुंद व २२ इंच लांब तुकडा घेऊन रुंदीत मधोमध दुमडावा व वरची कड शिवावी, तेच डोके. वरून साडेसात इंचांवर मानेच्या जागी मागे चुण्या घ्याव्या आणि दोन बंद लावावे. बंद चार-पाच इंचांहून लांब नकोत. मणी, घुंगरू, टिकल्या लावू नयेत. सुटलेला मणी बाळाच्या घशात जातो. कुंची बाळ कडेवर असताना घालावी आणि झोपवताना काढून ठेवावी.

अंगुस्तानाची गोष्ट

आता जे सांगावयाचे ते शिवणाहून महत्त्वाचे आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या ओसरीवर दुपारी पाचसहा जणी जमत. त्यांत आमची एक जुनी विद्यार्थिनी होती, आठव्या महिन्यातली. तिची गोधडी अर्धी झाली होती. एके दिवशी ती हसत म्हणाली, "बाई, अंगुस्तान बोटात जाईना." आम्हीही हसून म्हणालो, "उद्या मोठे आणू." झाले, तेवढ्यावर विषय संपला.

दुसऱ्या दिवशी तिला सुईत दोरा ओवता येईना. डोळ्यांपुढे काजवे चमकतात, डोके सकाळपासून ठणकते, असे ती म्हणाली. कुणी म्हटले, बारीक कामाचा ताण. कुणी म्हटले, ऊन. समोरच्या कन्नड आज्जींनी तिच्या हातातील काम काढून घेतले, तिच्या सुजलेल्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि रिक्षा बोलवायला सांगितले. दवाखान्यात रक्तदाब फार चढलेला निघाला. तिला ठेवून घेतले व तीन दिवसांनी बाळ आधीच जन्माला आणावे लागले. मूल लहान होते, पण जगले, आईही वाचली. त्या घरी आधी कपडे शिवण्यास विरोध होता. तरी चार दुपटी होऊन आमच्या कपाटात होती. त्या दिवशी तीच कामी आली.

प्रशिक्षित पदवीधर असून आम्हांस अंगुस्तानाचा अर्थ कळला नाही, ही खंत आजही आहे. म्हणून सांगतो : पाचव्या महिन्यानंतर बोटे व चेहरा एकाएकी सुजणे, डोके सारखे दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे येणे, पोटात वरच्या बाजूस कळ येणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्तदाब १४०/९० किंवा अधिक असेल तर तो हयगय करण्याजोगा नव्हे. रक्तस्राव झाला किंवा बाळाची हालचाल मंदावली तरीही क्षणाचा विलंब नको. सरकारी दवाखान्यांत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी होते. ती चुकवू नये.

घरच्यांची वाटणी

शिवण हे गर्भारणीच्या माथी आणखी एक काम होता कामा नये. तिला दुपारी बसावयास मिळावे म्हणून पाण्याचे हंडे, वरच्या फळीवरचे डबे, बाजारहाट हे नवऱ्याने व दिरांनी उचलावे. कापड उकळणे, पिळणे सासूबाईंनी वा नणंदेने पाहावे. तिने पाठीला टेका देऊन उजेडात बसावे, पाय लोंबकळत ठेवू नयेत, आणि अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. शक्य तर एकटीने बसू नये.

बाळ आल्यावरचे थोडेसे. पहिली आंघोळ निदान २४ तास तरी घालू नये. गोधडी बाळाच्या खाली सपाट अंथरावी. तोंडावर पांघरू नये. बाळाला पाठीवरच झोपवावे व वर्षभर उशी देऊ नये, मग ती मोहरीची का असेना.

शेवटी एक विनंती. संस्थेच्या प्रत्येक कुटुंबाने घरातील एक जुने सुती लुगडे किंवा धोतर उकळून, वाळवून ठेवावे, आणि गल्लीत कुणाला दिवस गेल्याचे कळले की ते घेऊन तिच्याकडे जावे. दुपारभर तिच्याजवळ बसून शिवावे, आणि शिवता शिवता तिच्या चेहऱ्याकडे व बोटांकडे लक्ष ठेवावे. बाळंतविड्यात दुपटी तर असतातच. शेजारणीची ही नजरही त्यात बांधलेली असावी.