पावती कोणाच्या नावाने?

कोणाचा डेमो ऐनवेळी आपल्या घरी घ्यायची पाळी आली, तर चहाला दूध किती लागेल हे मागाहून बघावं. आधी विचारावं की ऑर्डर फॉर्मवर नाव कोणाचं येणार, पैसे कोणत्या खात्यात जाणार आणि माल आला नाही तर लोक कोणाच्या दाराची बेल वाजवणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला न विचारताच मिळालं, म्हणून हे लिहितेय.

डेमो भांड्यांचा होता. पाण्याशिवाय भाजी, तेलाशिवाय कोंबडी, गॅसवर केक, एकाच शेगडीवर एकावर एक तीन भांडी रचून अख्खा स्वयंपाक, असं दाखवून जाड बुडाच्या स्टीलचे संच विकतात, त्यातला. पूर्ण संच लाखाच्या घरात जातो. तो ठरला होता ठाण्याला, नौपाड्यात, माझ्या मामेवहिनींकडे. आदल्या रात्री मामा बाथरूममध्ये घसरले, त्यांना ॲडमिट केलं आणि साडेनऊला वहिनींचा फोन. "अगं, सहा जोडप्यांना सांगून झालंय, त्यातली निम्मी तुमच्या डोंबिवलीचीच आहेत. ताई सगळं सामान घेऊन येतात. तू फक्त जागा दे." मामांची ती अवस्था, त्यात नाही कोण म्हणणार?

पण जागेच्या मागोमाग बरंच काही जातं.

रविवार होता आणि मेगाब्लॉक ठाणे-कल्याणच्या मध्ये. ठाण्याच्या तिन्ही जोडप्यांनी दुपारीच "जमत नाही हो" कळवलं. डेमोवाल्या ताई मात्र दोन मोठ्या बॅगा घेऊन, स्लो मार्गावरून वळवलेल्या गाडीत घामाघूम होत, सव्वा तास उशिरा आल्या. आमची बिल्डिंग तीन मजल्यांची, बिनलिफ्टची. बॅगा वर आणायला माझा नवरा आणि शेजारचा मुलगा. वर आल्या आल्या ताईंनी खुर्च्या मोजल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, पाच जोडपी तरी हवीत. बिल्डिंगमधून बोलवा ना!" असे वहिनींचे पाहुणे हळूहळू माझे झाले. वहिनींच्या माणसांनी काही घेतलं किंवा न घेतलं तर तो त्यांचा हिशोब. खालच्या मजल्यावरची, जिच्याशी रोज जिन्यात गाठ पडते, ती माझ्या शब्दावर आली की प्रकरण वेगळं होतं.

नवरा-बायको दोघंही हवीत, हा आग्रह का असतो ते त्या संध्याकाळी कळलं. बाई एकटी असली की "ह्यांना विचारून सांगते" म्हणून सुटते. तोच दरवाजा आधी बंद करून ठेवतात. दोघं शेजारी बसलेली, समोर फॉर्म, भोवती ओळखीचे चेहरे आणि हातात यजमानीणबाईंनी दिलेली बशी. भीड भिकेची बहीण म्हणतात ते अशा वेळी.

ऐनवेळी जागा बदलली की बारीकसारीक गोष्टींची फेरतपासणी कोणीच करत नाही. नौपाड्याच्या यादीनुसार ताईंनी कोंबडी आणली होती, केकसाठी अंडीही. त्या दिवशी संकष्टी. जमलेल्या बायकांपैकी निम्म्यांचा चंद्रोदयापर्यंत उपास, आणि आमच्या काकूंच्या सोवळ्याबद्दल तर बोलायलाच नको. कोंबडी फ्रीजमध्ये गेली आणि डेमो बटाटा-फरसबीवर आला. त्यात ताईंची इंडक्शन शेगडी 2000 वॉटची. साधा हिशोब आहे: आपल्याकडे 230 व्होल्ट, म्हणजे ती जवळजवळ नऊ अँपिअर खेचणार, आणि हॉलमधला छोटा प्लग सहा अँपिअरचा. ताईंनी तिथेच एक्स्टेन्शन बोर्ड लावला. पाच मिनिटांत एमसीबी पडला आणि पंखेही बंद. शेवटी सगळा गोतावळा स्वयंपाकघरात, सोळा अँपिअरच्या मोठ्या प्लगपाशी उभा. तुमच्या ओट्याजवळ असा प्लग नसेल तर शेगडी गॅसची वापरा म्हणून आधीच सांगा. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको, तो तापतो.

आता सोड्याचा प्रयोग. हा बहुतेक डेमोंत असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. ताईंनी मला माझंच एक ॲल्युमिनियमचं पातेलं मागितलं. त्यात पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून उकळलं, त्यांच्या भांड्यातही तसंच, आणि दोन्हींचं पाणी चमच्याचमच्याने सगळ्यांना चाखायला दिलं. माझ्या पातेल्यातलं कडवट, धातूच्या चवीचं. ताई काही बोलल्या नाहीत, नुसतं पातेलं तिरकं करून आतला काळपटपणा सगळ्यांना दाखवला. ज्या पातेल्यात मी वर्षानुवर्षं दूध तापवलं, त्याच्याकडे बायका अशा बघत होत्या की जणू घरात विष शिजत होतं.

तेव्हा आमच्या मजल्यावरचे एक काका, एमआयडीसीतल्या कंपनीतून केमिस्ट म्हणून निवृत्त झालेले, मागून मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही आमटीत रोज चमचाभर सोडा उकळता का हो?" मग त्यांनी सांगितलं ते असं. सोडा उकळला की त्याचा क्षारपणा आणखी वाढतो. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तो अशा क्षारात विरघळतो, आणि धातू पाण्यात उतरतो. स्टीलला तसं काही होत नाही. प्रयोग खोटा नाही, पण त्यावरून रोजच्या भाताचं काही सिद्ध होत नाही. खरी काळजी आंबटाची. चिंचेची आमटी, कोकमाचं सार, टोमॅटो, ताक हे साध्या ॲल्युमिनियममध्ये शिजवून तासन् तास ठेवू नये. आपल्या आज्यांना हे पितळेच्या बाबतीत ठाऊक होतं, म्हणून तर दारावर कल्हईवाला यायचा. आणि आंबटासाठी स्टीलचं भांडं लागतं तेही लाखाचं नव्हे, फडके रोडवर किंवा कल्याणच्या बाजारात वजनावर मिळतं ते पुरतं.

भांडी वाईट होती असं मी म्हणणार नाही. बुड जाड, झाकण घट्ट, मंद आचेवर भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजली आणि चवीलाही बरी लागली. काही वस्तू दाखवल्याशिवाय कळतच नाहीत. अमेरिकेत टपरवेअरचं तेच झालं: हवाबंद झाकण कसं लावायचं ते दुकानात गिऱ्हाइकाला उमगेना, तेव्हा ब्राउनी वाइज या बाईने घरोघरच्या पार्ट्यांतून ते विकून दाखवलं आणि 1951 मध्ये कंपनीने दुकानांतली विक्रीच बंद केली. 1996 मध्ये ते डबे भारतात आले, आणि आपल्याकडे भिशी आणि हळदीकुंकू तयारच होतं. पण दाखवणं आणि भिडेला पाडणं यात अंतर आहे. मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघांमध्येही, 1975 पासून, शेजारच्या बायका-पुरुष एकत्र येऊन किराणा घेतातच की. तिथे यादी आधी, पैसे आधी आणि कोणाच्या चहाचं कोणावर ओझं नाही.

पैशांचा घोळ नंतर झाला. "एकत्र बुकिंग केलं तर डिस्काउंट," असं म्हणून ताईंनी सगळ्यांच्या ऑर्डरी एकाच फॉर्मवर लिहिल्या, होस्टच्या नावाने. होस्ट कागदोपत्री वहिनी. ॲडव्हान्स यूपीआयने ताईंच्या स्वतःच्या नंबरवर. खालच्या मजल्यावर पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बाईंनी दहा हजार भरले. मला नंतर म्हणाल्या, "तुमच्याकडे आले आणि नुसती उठून कशी जाणार?" पंधरा दिवसांत येणारा माल महिनाभर आला नाही. ताईंचं "पोचेल हां मॅडम" चालूच. बाईंकडे पावती नाही, फॉर्मवर त्यांचं नाव नाही, आणि ज्यांचं नाव आहे त्या वहिनी हॉस्पिटलच्या फेऱ्यांत. राहिले मी. होस्टला मिळणारी भेटवस्तू, एक बरीशी कढई, ती मात्र वेळेवर नौपाड्याला पोचली.

सुटलं ते असं. यूपीआयच्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट आणि ताईंचे व्हॉट्सॲप निरोप एकत्र केले आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला. हा अधिकारी नेमणं कंपनीवर बंधनकारक आहे. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. पैसे परत आले, पण बाई तोवर जिन्यात माझ्याशी जेमतेम बोलत होत्या.

थेट विक्रीसाठी केंद्र सरकारचे डिसेंबर 2021 चे नियम आहेत, आणि ते यजमानीणबाईंच्या फार कामाचे आहेत. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय कोणाच्या घरी जायचं नाही. विक्रीच्या वेळी किंवा त्याआधी ग्राहकाला ऑर्डर फॉर्म द्यायचा. त्यावर कंपनीचं आणि विक्रेत्याचं नाव-पत्ता, मालाचं वर्णन, एकूण रक्कम, माल कधी-कुठे मिळणार, आणि ऑर्डर रद्द करण्याचा व पैसे परत मिळवण्याचा हक्क, हे सगळं हवं. म्हणजे प्रत्येक घराला स्वतंत्र फॉर्म. "आमच्या टीममध्ये या, चार बायका जोडा की तुमचं भांडं फुकट" अशी गाडी वळायला लागली की चहा आवरता घ्यावा. नुसती माणसं जोडण्यावर पैसे मिळण्याची योजना या नियमांत बसत नाही. आणि मेलने, फोनने नाहीच झालं तर ठाण्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.

आता कोणी ऐनवेळी विचारलं तर मी विक्रेत्या बाईंशी आधी स्वतः फोनवर बोलते, मध्ये वहिनी-ताई कोणी नको. कोरा फॉर्म व्हॉट्सॲपवर मागवते. पैसे कंपनीच्याच खात्यात जातील हे लिहून घेते. बिल्डिंगमधलं कोणी बोलावणार नाही, असतील तेवढ्यांतच करा, हेही सांगते. आणि डेमो सुरू व्हायच्या आधी उभी राहून सगळ्यांसमोर म्हणते, "आज कोणी काही लिहून द्यायचं नाही. बघा, खा, घरी जा, आठवडाभराने वाटलं तर ताईंना फोन करा." ताईंना हे आवडत नाही. मग त्यांनी दुसरं घर बघावं.