सेवेतून घडणारी उमेदवारी

पदवीचा निकाल हाती आला की उमरग्याच्या घराघरांत एकच विवंचना सुरू होते: मुलाने स्पर्धा परीक्षेसाठी पुणे गाठावे, सोलापूर-हैदराबादकडे नोकरी धुंडाळावी, की घरची सोयाबीन-तुरीची शेती पाहावी? अशा वेळी तो सुटीचा दिवस श्रमदानात किंवा रक्तदान शिबिरात घालवतो हे पाहून पालकांचा जीव कासावीस व्हावा, यात नवल नाही. तथापि ज्या कामाचा मोबदला मिळत नाही, त्याच कामातून मोबदल्यास पात्र करणारे गुण अंगी बाणतात, याचा दाखला याच परिसराने स्वतःच्या दुःखातून दिलेला आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसांचे बळी घेतले. तेव्हा उमरगा तालुक्यात मोडणारे सास्तूरही उद्ध्वस्त झाले. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद यांनीच पुष्कळांचा घात केला होता. पुढे तडे गेलेल्या घरांच्या दुरुस्तीची व मजबुतीकरणाची योजना शासनाने हाती घेतली, तेव्हा लोकसहभागाची कामगिरी प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे आली, आणि गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे झाल्या. त्यांच्यापाशी ना पदवी होती, ना सरकारी हुद्दा. परंतु भिंतीचे आतले व बाहेरचे अंग सांधणारा लांब दगड का बसवावा, हे त्यांनी समजून घेतले, घरमालकांना पटवले, आणि काम नीट होते की नाही यावर लक्ष ठेवले. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा याच दोन जिल्ह्यांतील स्त्रिया अनुभवी जाणकार म्हणून तेथील भगिनींच्या मदतीस गेल्या. त्यांचे कौशल्य वाढले, कारण काम खरे होते आणि त्यातील चुकीची किंमत कुणाला तरी मोजावी लागणार होती.

विद्यार्थ्याने सेवेचे क्षेत्र निवडताना हीच कसोटी लावावी. तहसील कचेरीत निराधार अनुदानाचा अर्ज घेऊन आलेल्या वृद्धेची कल्पना करा. आधार कार्डावर तिचे नाव एक आहे, शिधापत्रिकेवर दुसरे. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली आहे. आणि सीमाभागातली असल्याने ती निम्मे मराठीत, निम्मे कानडीत बोलते. तिच्याशेजारी बसून कागदपत्रे लावणारा, तफावत हेरणारा, कोणता दाखला कोठून आणावा हे तिला समजेल अशा शब्दांत सांगणारा आणि पंधरा दिवसांनी अर्जाचे काय झाले याची चौकशी करणारा तरुण नियम वाचण्यास, माणूस ओळखण्यास आणि हाती घेतलेले काम तडीस नेण्यास एकाच वेळी शिकत असतो. बँक असो, रुग्णालय असो वा कारखान्याचे दप्तर, या तीन गुणांवाचून कोठेही निभाव लागत नाही.

महाविद्यालयातच याची सोय आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२०, म्हणजे दोन वर्षांत २४० तास सेवा करावयाची असते, आणि सात दिवसांचे विशेष शिबिरही असते. मात्र शिबिरात नुसते हजेरीपुरते न राहता एक निश्चित जबाबदारी मागून घ्यावी: भोजनगृहाचा हिशेब, सर्वेक्षणाच्या नोंदी, आरोग्य तपासणीची व्यवस्था. किराण्याची पावती आणि रोकडवही यांचा मेळ रोज रात्री घालणाऱ्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला वर्गात शिकलेल्या जमाखर्चाचा खरा अर्थ तेथे उमगतो.

केलेल्या कामाची वही ठेवावी: तारीख, काम, अडचण, ती कशी सोडवली. नोकरीच्या अर्जात ‘समाजसेवेची आवड आहे’ हे वाक्य काहीच सांगत नाही. ‘सात दिवसांच्या शिबिरात ऐंशी जणांच्या भोजनाचा हिशेब सांभाळला व अखेरीस सादर केला’ असे खरेखुरे विधान मुलाखत घेणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारण्यास प्रवृत्त करते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर उमेदवाराच्या अनुभवात तयार असते. प्रमाणपत्र जरूर घ्यावे, पण कार्यक्रम अधिकाऱ्यांकडून त्यात कामाचे स्वरूप स्पष्ट नमूद करून घ्यावे.

पालकांनी मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. सेवा ही अभ्यासक्रमाची जागा घेऊ शकत नाही. परिचारिकेला परिचर्येचे आणि वीजतंत्र्याला आयटीआयचे शिक्षण घ्यावेच लागते. परीक्षेच्या महिन्यांत हे काम आवरते घ्यावे. संस्था कोणती, जबाबदार व्यक्ती कोण, मुलगी संध्याकाळी घरी कशी परतणार, याची आधी खातरजमा करावी. आणि जेथे सेवेच्या नावाखाली पगारी नोकराचे काम महिनोन्महिने फुकट करवून घेतले जाते, तेथून मुलाला निःसंकोच बाहेर काढावे. एवढी दक्षता घेतली, तर पुढची वर्ष-दोन वर्षे आठवड्यातले चार तास मुलाला मोकळ्या मनाने द्यावेत. दुसऱ्याची गरज स्वतःच्या शिरावर घेऊन ती पुरी करण्याची सवय ज्याला विद्यार्थिदशेतच लागली, त्याला पुढे कोणीही काम सोपवताना कचरणार नाही, आणि काम विश्वासाने सोपवले जाणे हीच रोजगाराची पहिली पायरी आहे.