जर्मनचे पातेले जळत नाही, मग फुलबाजी का जळते?

आपल्या सर्वांच्या घरी जर्मनची पातेली असतात. आपण जर्मन म्हणतो, पण त्या धातूचे खरे नाव अ‍ॅल्युमिनियम आहे. पातेले रोज चुलीवर चढते. खाली लालभडक जाळ असतो, तरी ते पेट घेत नाही. फुलबाजीत त्याच अ‍ॅल्युमिनियमची पूड असते, ती मात्र तडतड जळते. असे का, ते मी गुरुजींना विचारले. त्यांनी सांगितले ते लिहीत आहे.

विळा पावसात राहिला की गंजतो. लोखंडाला हवेतला प्राणवायू आणि पाणी मिळाले की गंज होतो. आमची आजी म्हणते, "जर्मनला गंज लागत न्हाई." पण त्यालाही प्राणवायू लागतोच. दुधावर साय धरते तशी जर्मनवर भस्माची साय धरते. ती कागदापेक्षा हजारो पटींनी पातळ असते, म्हणून दिसत नाही. पातेले राखेने घासले की चकाकते आणि लगेच नवी साय धरते. 100 भाग धातूची साय 128 भाग जागा घेते. म्हणून ती गच्च बसते आणि हवेला आत जाऊ देत नाही. अ‍ॅल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळते, पण साय 2000 अंशांच्या पुढे वितळते. ती साय म्हणजे पातेल्याचे चिलखतच आहे.

आता दुसरा धातू मॅग्नेशियम. त्याचे उलटे आहे. 100 भाग मॅग्नेशियमची साय फक्त 81 भाग जागा घेते. तळ्यातला चिखल वाळला की भेगा पडतात, तशी ती साय फाटते. भेगांतून प्राणवायू आत शिरतो आणि धातू जळत राहतो.

अ‍ॅल्युमिनियममध्ये शंभरात चार-पाच भाग मॅग्नेशियम मिसळले तर पत्रा कणखर होतो. त्याच्या बोटी करतात. पण हा मिश्रधातू खूप तापवला की आतले मॅग्नेशियम आधी वर येऊन प्राणवायू घेते. मग अ‍ॅल्युमिनियमची गच्च साय राहत नाही आणि धातूचे भस्म भराभर होते. दोन्ही धातू निम्मे निम्मे घेतले तर मिश्रधातू ठिसूळ होतो व त्याची पूड सहज होते. त्याला मॅग्नेलियम म्हणतात. तो शोभेच्या दारूत घालतात. पुडीचा प्रत्येक कण हवेला सर्व बाजूंनी उघडा असतो. म्हणून ती झटकन पेटते आणि पांढराशुभ्र उजेड पडतो. जो पांढरा धूर दिसतो, त्यात हेच भस्म असते. लाकडाची राख हलकी होते, पण 24 ग्रॅम मॅग्नेशियमचे 40 ग्रॅम भस्म होते. जास्तीचा 16 ग्रॅम म्हणजे प्राणवायू!

सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात कवठेएकंद हे गाव आहे. तेथे दसऱ्याला श्री सिद्धराज महाराजांच्या पालखीपुढे शोभेची दारू उडवतात. ही दारू पिण्याची नव्हे, उडवायची. ती पाहायला दूरदूरची माणसे येतात. पण त्याच गावात 2015 साली मे महिन्यात फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि काम करणारी माणसे मेली. दिसायला सुंदर असलेली दारू क्षणात जीव घेते.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्कळ मुले न उडालेले फटाके गोळा करतात आणि कागद फाडून पूड काढतात. मित्रांनो, असे कोणी करू नका. ती पूड म्हणजे चिलखत नसलेला धातू आहे. नुसत्या घासण्यानेही ती पेटू शकते, आणि डोळे जातात.

आणखी एक गोष्ट. धातूची पूड पेटली तर तिच्यावर पाणी टाकू नये. तापलेला धातू पाण्यातलाही प्राणवायू ओढून घेतो. उरतो तो हायड्रोजन, आणि तोही पेटतो! अशा वेळी लांब पळावे आणि मोठ्या माणसांना हाक मारावी. ती कोरडी वाळू टाकतील. फुलबाजी पूर्ण विझली की तिची तार मात्र पाण्याच्या बादलीत टाकावी, म्हणजे कोणाचा पाय भाजत नाही.

पातेले आणि फुलबाजी, धातू एकच. फरक सायीचा आणि पुडीचा.

— इयत्ता चौथी