मीटरच्या झाकणाखालचा साक्षीदार

विजेचे मीटर म्हणजे वीज कंपनी आणि ग्राहक यांच्यामधला तराजू होय. तराजूतच खोट निर्माण केली गेली, तर चोरलेल्या विजेचा भार अखेर प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्यांवर पडतो. म्हणूनच विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५५ ने अचूक मीटरमार्फतच वीजपुरवठा करण्याचे बंधन घातले आहे. या तराजूला कोणी हात लावला काय, हे सांगणारे एक चिमुकले साधन आजच्या इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये असते. छेडछाड ओळखणारा हा स्विच नेमके काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, याची माहिती गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला असणे अगत्याचे आहे.

सील आणि स्विच

फिरत्या तबकडीच्या जुन्या मीटरची राखण तारेत ओवलेले शिशाचे सील करीत असे. सील तुटल्याचे डोळ्यांना दिसे. परंतु ते केव्हा तुटले, हे कळण्यास मार्ग नसे. बनावट सील पुन्हा बसविले गेल्यास तेवढाही पुरावा उरत नसे. ही उणीव स्विचने भरून काढली. तथापि सीलचे महत्त्व त्यामुळे कमी झालेले नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६ च्या विनियमांनुसार मीटरचे मुख्य झाकण, जोडणीच्या टोकांवरील झाकण, चाचणीची पट्टी आणि मीटरची पेटी या ठिकाणी सील असावे लागते. सील हा बाहेरचा पहारेकरी, तर स्विच हा आतला साक्षीदार होय.

कार्य कसे चालते?

फ्रिजचे दार उघडताच आतला दिवा लागतो, कारण दाराने दाबून धरलेले बटण मोकळे होते. मीटरमधील स्विचचे तत्त्व हेच आहे. झाकण बंद असताना त्याच्या आतल्या बाजूचा उंचवटा स्विचची स्प्रिंग दाबून ठेवतो. झाकण उचलले की स्प्रिंग मोकळी होते, मंडलाची स्थिती बदलते आणि मीटरमधील सूक्ष्म संगणक त्या क्षणाची तारीख व वेळ स्मृतीत नोंदवितो. वीजपुरवठा बंद करून झाकण उघडले तरी आतली छोटी बॅटरी हे काम पार पाडते. भारतीय मानकानुसार मुख्य झाकण उघडल्याच्या घटनेस २५१ हा सांकेतिक क्रमांक दिलेला आहे. इतर काही नोंदी जागा भरल्यावर जुन्या पुसून नव्या लिहिल्या जातात; ही नोंद मात्र तशी पुसली जात नाही. स्मार्ट मीटरमधून ती वीज कंपनीच्या संगणकापर्यंतही पोहोचते.

शिक्षकांना एक सेल, छोटा दिवा, पत्र्याची पट्टी आणि झाकणाचा डबा एवढ्या साहित्यातून हे तत्त्व वर्गात सहज दाखविता येईल.

साक्षीदार, न्यायाधीश नव्हे

स्विच हे यांत्रिक साधन आहे. ओल, गंज, धूळ, सैल पडलेला स्क्रू किंवा वाहतुकीतील धक्का यांमुळे चुकीची नोंद होण्याचा संभव असतो. क्षणभराच्या थरथरीकडे सूक्ष्म संगणकाने दुर्लक्ष करावे, अशी योजना निर्माते करतात. पण कोणतीही योजना सर्वस्वी निर्दोष नसते. शिवाय जोडणीच्या टोकांवरील झाकण वायरमनला कामासाठी उघडावेच लागते. तेथेही स्विच असेल, तर त्याची नोंद कामाच्या अहवालाशी ताडून पाहिली पाहिजे.

झाकण केव्हा उघडले, एवढेच स्विच सांगतो. कोणी उघडले आणि कशासाठी, हे तो सांगत नाही. अधिनियमाच्या कलम १३५ नुसार वीजचोरी ठरण्यासाठी कृत्य अप्रामाणिकपणे केलेले असावे लागते. म्हणून नोंद मिळाली की सीलचे क्रमांक, मीटरच्या आतील स्थिती, त्या तारखेच्या आधीचा व नंतरचा वीजवापर आणि अचूकतेची चाचणी या सर्वांचा एकत्रित विचार झाला पाहिजे. झडतीच्या वेळी जागेत राहणाऱ्याने किंवा त्याच्या वतीने कोणी हजर राहावे, आणि जप्त वस्तूंची यादी करून ती त्यास द्यावी, असे हेच कलम सांगते. चोरी उघडकीस आल्यावर वीज तोडल्यास २४ तासांत पोलिसांकडे लेखी तक्रार करणे, आणि आकारलेली रक्कम भरल्यास ४८ तासांत पुरवठा पूर्ववत करणे, ही बंधनेही त्यात आहेत. खरा चोर सुटू नये आणि निरपराध भरडला जाऊ नये, हा दुहेरी हेतू त्यामागे आहे.

पंचायतींनी काय करावे?

नळयोजनेचा पंप आणि रस्त्यावरील दिवे यांमुळे ग्रामपंचायत स्वतःही वीजग्राहक असते. तिची मीटरपेटी बहुधा उघड्यावर, पावसापाण्यात असते. यास्तव एक साधी नोंदवही ठेवावी. मीटरचा क्रमांक, प्रत्येक सीलचा क्रमांक, मीटर बसविल्याची वा उघडल्याची तारीख, त्या वेळचे वाचन आणि काम करणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव व सही तीत असावी. पेटीचे दार मोडले किंवा सील तुटलेले आढळले, तर स्वतः हात न लावता त्याच दिवशी वीज कार्यालयास लेखी कळवून पोच घ्यावी. ग्रामसभेत हीच सवय घरोघरच्या ग्राहकांनाही सांगावी.

मीटरमधला साक्षीदार आपली नोंद ठेवतोच. त्याच्या नोंदीशी ताडून पाहता येईल अशी आपली नोंद आपल्या हाती असणे, हेच प्रामाणिक ग्राहकाचे खरे संरक्षण होय.