गोलाईचे आकडे कोण भरणार?

प्रश्न : माझा भाचा पुण्यात आर्किटेक्चर शिकतो. सुट्टीत लातूरला आला तेव्हा त्याला गंजगोलाई दाखवली. तो म्हणाला, "मामा, अशी रचना आता पॅरामेट्रिक पद्धतीने संगणकावर काही मिनिटांत निघते. आकडे भरायचे, शहर तयार!" हे खरे आहे का? असेल तर लातूर-नांदेडला त्याचा काय उपयोग?
— एक वाचक, लातूर

उत्तर : भाच्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. आकार काही मिनिटांत निघतो, शहर निघत नाही.

गोलाईच घेऊ. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिचा आराखडा केला. मधोमध अंबाबाईचे मंदिर, भोवती गोलाकार दुमजली इमारत आणि तिथून फुटणारे 16 रस्ते. आता हीच रचना रेघांऐवजी नियमांत लिहा. वर्तुळाचा व्यास इतका, रस्ते इतके, त्यांची रुंदी इतकी, दुकानाचा दर्शनी भाग इतका. हे आकडे म्हणजे पॅरामीटर. रस्ते सारख्या अंतरावर धरले आणि 16 चे 20 केले, तर दोन रस्त्यांमधला कोन साडेबावीस अंशांवरून अठरावर येतो, कोपऱ्याची दुकाने वाढतात, मधल्या दुकानांना जागा कमी उरते आणि सगळा नकाशा आपोआप नव्याने आखला जातो. हाताने एक पर्याय काढायच्या वेळात संगणक शेकडो पर्याय काढून शेजारी शेजारी ठेवतो. ही कल्पना आजची नाही. इटलीचे वास्तुविशारद लुइजी मोरेत्ती यांनी 1960 साली मिलानच्या प्रदर्शनात स्टेडियमचे असे नमुने मांडले होते. प्रेक्षकाला मैदान कुठून किती नीट दिसते, या गणितावरून त्यांचा आकार ठरवला होता.

मात्र मिरची, गूळ, सोने, चपला यांचे बाजार गोलाईच्या रस्त्यांवर जसे वसले, तसे ते व्यास आणि कोन भरून मिळत नाहीत.

आपली शहरे आजही आकड्यांच्या कोष्टकावरच उभी राहतात, हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. डिसेंबर 2020 मध्ये राज्यात एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आली. ती लातूरलाही लागू आहे आणि नांदेडलाही. समोरचा रस्ता किती रुंद, यावर प्लॉटला किती चटई क्षेत्र मिळू शकते ते ठरते. इमारत किती उंच, यावर बाजूला किती जागा सोडायची ते ठरते. घराचा नकाशा नियमांत बसतो का, हे तपासणारी सॉफ्टवेअरही राज्यातल्या महापालिका वापरतात. म्हणजे पॅरामीटर आहेतच. ते बहुतेक जमीन आणि बांधकाम यांचे आहेत, हे माझ्या मते त्यांचे मोठे उणेपण आहे.

कोष्टकात काय घेतले आणि काय सुटले याने किती फरक पडतो, हे लातूर जिल्ह्याला तरी सांगावे लागू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे वजन माणसांवर कोसळले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावे नव्या जागी वसवली गेली. घर केवढे द्यायचे हे कुटुंबाच्या जमिनीवरून ठरले: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना 250 चौरस फूट, मधल्या शेतकऱ्यांना 400, मोठ्या खातेदारांना 750. पॅरामीटर एकच, सातबारा. घरात माणसे किती, जनावरे किती, भावकी कोणाच्या शेजारी राहत होती, हे त्या आकड्यात नव्हते. बहुतेक ठिकाणी रस्ते सरळ आणि रुंद झाले, प्लॉट रांगेत आले. गल्ल्या ढिगाऱ्यांनी बुजलेल्या पाहिलेल्या लोकांनाही रुंद रस्तेच हवे होते, त्यात त्यांचे चुकले नाही. पण नवी गावे जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट पसरली. गाव पसरले की नळाची लाइन लांबते, गटार लांबते, दिव्याचे खांब वाढतात आणि ते सांभाळायचा भार ग्रामपंचायतीवर येतो. हा हिशोब आज संगणक आराखड्याबरोबरच दाखवू शकतो. एक मांडणी दाट, एक पसरट, दोन्हींचा वीस वर्षांचा खर्च समोर ठेवून गावाला निवड करता आली असती. मला या पद्धतीचा खरा उपयोग इथे दिसतो.

लातूरसाठी पहिला पॅरामीटर पाणी असला पाहिजे. एप्रिल 2016 मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पुढे 50 वाघिणींची गाडी एका फेरीत 25 लाख लिटर आणू लागली. आता साधे गणित करा. 100 चौरस मीटरचे छत, वर्षाचा पाऊस 750 मिलिमीटर, त्यातला 80 टक्के हाती लागला असे धरले, तर एका छतावर 60 हजार लिटर पाणी होते. म्हणजे 42 छतांवरून वर्षभरात एक गाडीभर पाणी मिळते. सगळे साठवता येणार नाही. बरेचसे जमिनीत मुरवावे लागेल, आणि मुरेल किती हे खालच्या खडकावर अवलंबून राहील. म्हणूनच प्रत्येक ले-आउट मंजूर करताना उतार कुठे, ओढा कुठे, बोअर किती खोल, हे आकडे रस्त्याच्या रुंदीइतकेच मोजले जावेत.

नांदेडला प्रश्न उलटाही येतो. वर विष्णुपुरी प्रकल्प, शहराला लागून गोदावरी, जवळच आसना. दरवाजे किती उघडले तर कोणत्या वस्तीत पाणी किती चढेल, हे जमिनीच्या उंचीच्या नकाशावर आधी पाहता येते. निळी आणि लाल पूररेषा हे त्याच गणिताचे फळ. शिवाय 2008 साली गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला या शहराने प्रचंड गर्दी पाहिली आहे. स्टेशनपासून सचखंड गुरुद्वाऱ्यापर्यंत माणसे कोणत्या वाटेने, किती दाटीने चालतात, हे मोजून रस्ता आखणे आज सहज शक्य आहे.

तेव्हा भाच्याला एक काम सांगा. शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो, त्याआधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार झालेला असतो. तो त्याने उघडून तुमच्या गल्लीशी ताडून पाहावा. ओढा दाखवला आहे का, विहीर आहे का, आठवडी बाजार आहे का. जे सुटले असेल ते नोटिशीत दिलेल्या मुदतीत हरकत म्हणून लेखी द्या. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 ने हा हक्क तुम्हाला दिलेला आहे आणि तो वापरायला आर्किटेक्ट असावे लागत नाही.