लायब्ररी फुकट, मग बिल कशाचं?

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या दूध संकलन केंद्रांवर लिटर, फॅट, एसएनएफच्या नोंदी दोन्ही वेळेला संगणकात जातात. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसाच्या शेतीत एआय आणल्यापासून शेतातल्या सेन्सरचे आकडेही साठू लागलेत. सर्व्हरचं भाडं वाढलं की डेव्हलपर सुचवतो, सॉफ्टवेअरमध्ये कॉम्प्रेशन लायब्ररी, म्हणजे माहिती दाबून लहान करणारा तयार कोड, बसवू. सूचना रास्त आहे. असा मजकूर दाबला की बहुधा मूळच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतो.

कोटेशनमध्ये ‘लायब्ररी शुल्क’ दिसलं तर आधी लायब्ररीचं नाव विचारा. १९९५ पासूनची झेडलिब आणि फेसबुकने २०१६ मध्ये खुली केलेली झेडस्टँडर्ड, दोन्ही विक्रीच्या सॉफ्टवेअरमध्येही मोफत चालतात. जावा, पायथन, डॉटनेटमध्ये तर झिपची सोय आधीपासूनच असते. एलझेडओचं मात्र वेगळं आहे. ती जीपीएल परवान्याखाली येते, त्यामुळे सोर्स कोड न देता सॉफ्टवेअर विकायचं असेल तर तिचा व्यावसायिक परवाना घ्यावा लागतो.

खरा पैसा जातो तो चाचणीत, आणि तिथे काटकसर करू नये. जुने बॅकअप नव्या आवृत्तीत उघडतात का? लिहिताना मध्येच वीज गेली तर काय होतं? उलगडलेली फाइल मूळ फाइलशी तंतोतंत जुळते का? यातलं एक जरी राहिलं तरी शेतकऱ्याचा दहा दिवसांचा दुधाचा पगार अडकू शकतो. शिवाय एक जीबी शून्यांची फाइल दाबून जेमतेम एक एमबीची होते. बाहेरून आलेली अशी फाइल मर्यादा न घालता उलगडली तर सर्व्हर बसतो, तेही चाचणीत पाहायला हवं.

डेव्हलपरचा दिवसाचा दर ४,००० रुपये धरू. जोडणीला दोन दिवस आणि चाचणीला चार, म्हणजे २४,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ४,३२०. एकूण २८,३२० रुपये. चाचणीचे दिवस जोडणीपेक्षा कमी दाखवले असतील तर ते कोटेशन मी परत पाठवेन.

एएमसीमध्ये, म्हणजे वार्षिक देखभाल करारात, लायब्ररी अद्ययावत ठेवण्याचं काम लिहूनच घ्या. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा सापडला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा एका अभियंत्याने छडा लावला म्हणून तो उघड झाला.

पिकांचे जेपीईजी फोटो आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, त्यांच्यासाठी हा खर्च करू नका. सेन्सरची एकेक छोटी नोंद दाबूनही काही वाचत नाही, दिवसभराच्या नोंदी एकत्र करून दाबाव्यात. तेही सर्व्हरवर करावं. झेडलिबला दाबताना साधारण २५६ केबी मेमरी लागते, ती शेतातल्या लहान कंट्रोलरवर नसते.

ॲडव्हान्स देण्याआधी तुमच्याच केंद्राचा एका महिन्याचा खरा बॅकअप डेव्हलपरला द्या आणि तो तुमच्यासमोर दाबून, पुन्हा उलगडून दाखवायला सांगा.